लेक कोरियाला इंग्रजी शिकवायला चाललीये: देगूची सरकारी शाळा की बुसानचं हागवॉन?

खडीसाखर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय. घरात बरेच दिवस हाच विषय चाललाय आणि आता ज्यांना तिकडची माहिती आहे अशा लोकांचं मत हवंय.

आम्ही मूळचे नाशिकचे, आता कॅनडात मिसिसागाला. लेकीची युनिव्हर्सिटी यंदा संपली, पासपोर्ट कॅनडाचा, आणि तिला वर्ष-दोन वर्षं कोरियात राहून तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचंय. तयारी सगळी तिची तिनेच केली, टेफलचा (परदेशात इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स, शिफारसपत्रं, रात्री उशिरा जागून इंटरव्ह्यू. आता हातात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे एपिक, म्हणजे कोरियन सरकारचा जो कार्यक्रम आहे त्यातून देगू शहरातल्या सरकारी शाळेत, पण शाळा नक्की कुठली ते तिथे पोचल्यावरच कळणार म्हणे. दुसरी ऑफर बुसानच्या एका खाजगी क्लासची, ज्याला तिकडे हागवॉन म्हणतात, पगार महिन्याला तीन लाख वॉन जास्त, घर समुद्राजवळ, आणि त्यांना उत्तर लवकर हवंय.

तिचा ओढा बुसानकडे आहे. तिच्या बाबांचं म्हणणं सरकारी ते सरकारी. मला शहरापेक्षा वेगळ्याच काळज्या आहेत. ती अंडं खाते पण मासे-मटण नाही. एकटी राहणार. आणि सावळी आहे, तिथे इंग्रजीची टीचर म्हणजे गोरीच हवी असं असतं का, हे मला स्पष्ट विचारायचंय. कुणी तिकडे राहिलं असेल तर हातचं न राखता सांगा.

केळफूल

अभिनंदन लेकीचं! मला काही माहिती नाही पण वाचतेय. बुसानचे फोटो फार सुंदर असतात एवढं खरं.

थेम्सकाठची

खडीसाखर, मी यूकेत वाढलेय आणि देगूतच शिकवत होते, सरकारी प्राथमिक शाळेत, एपिकमधूनच. त्यामुळे माझं मत आधीच सांगते, डोळे मिटून सरकारी शाळा घ्या. आता का ते.

एपिक १९९५ पासून चालू आहे, कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था चालवते आणि नोकरी देतं ते त्या-त्या शहराचं शिक्षण खातं. त्यामुळे करार सगळ्यांचा जवळपास सारखा, आठवड्याला चाळीस तास शाळेत हजर आणि त्यातले जास्तीत जास्त २२ तास प्रत्यक्ष शिकवायचे, वर शिकवलं तर ओव्हरटाइम. राहायला शाळेच्या खर्चाने एक खोली (तिकडे वन-रूमच म्हणतात) किंवा घरभाडं. वर्ष पूर्ण केलं की एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळी मिळते, ती कायद्यानेच आहे. हागवॉनच्या करारात हेच शब्द असतात हो, पण तो करार पाळायचा की नाही ते मालकाच्या मनावर, आणि मालक चांगला आहे की नाही ते तुम्हाला मिसिसागात बसून कळणार कसं?

शाळा शेवटी कळते हे खरंय. आधी सगळ्यांचं एकत्र ट्रेनिंग असतं आणि ते संपताना चिठ्ठी हातात पडते. कुणाला शहराच्या मध्यावर मिळते, कुणाला अगदी टोकाला, कुणाला दोन शाळा वाटून मिळतात, म्हणजे तीन दिवस इथे, दोन दिवस तिथे. माझ्या वेळी एक मुलगी त्यावर रडली होती. पण महिन्याभरात प्रत्येकीला आपलीच शाळा सगळ्यात चांगली वाटायला लागली, हे मी बघितलंय.

वर्गात तुम्ही एकट्या नसता, कोरियन शिक्षिका बरोबर असते, तिला को-टीचर म्हणतात. सगळं या बाईवर अवलंबून असतं. बँक, डॉक्टर, गॅसचं बिल, घराचा नळ गळतोय, सगळं तीच बघते, आणि तिला त्याचे जास्तीचे पैसे मिळतात असं नाही, तिचा स्वतःचा वर्ग, तिची मुलं-बाळं सांभाळून ती हे करते. लेकीला सांगा, पहिल्या दिवसापासून या बाईशी नीट वागायचं, छोटी भेट न्यायची, तिच्या वेळेचा मान ठेवायचा.

मुलं इंग्रजी तिसरीपासून शिकतात. तिसरीची मुलं म्हणजे नुसता उत्साह, गळ्यात पडतात, जिन्यातून हाका मारतात. सहावीची गप्प. बोलायला सांगितलं की शेजारच्याकडे बघतात, चुकलं तर काय या भीतीने ओठ हलत नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही, पण रोज वर्ग संपला की टेबलाजवळ येऊन एक चिठ्ठी ठेवून जायचा, त्यात एक वाक्य इंग्रजीत. आज पाऊस आहे. माझा कुत्रा आजारी आहे. मी खाली उत्तर लिहून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे. सरकारी शाळेत अशा मुलाला थांबून वेळ देता येतो, हागवॉनमध्ये पालकांनी पैसे भरलेले असतात आणि दर महिन्याला प्रगती दाखवावी लागते.

खाण्याबद्दल आणि रंगाबद्दल वेगळं लिहिते, आता ऑफिसला पळतेय.

जर्सीचा_विन्या

थेम्सकाठचीला १०० टक्के अनुमोदन. माझा अनुभव सांगतो म्हणजे पटेल.

मी अमेरिकेचा नागरिक, सोलच्या बाहेरच्या एका शहरात हागवॉनमध्ये होतो. नाव घेत नाही. दुपारी दोनला सुरू, रात्री साडेनऊला सुटका. पहिले काही महिने सगळं झकास, मुलं हुशार, पगार वेळेवर. मग पटसंख्या घटली, पगार आठवडा-दहा दिवस लांबायला लागला, आणि वर्ष पूर्ण व्हायला थोडेच आठवडे राहिले असताना संचालकांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. कारण सरळ आहे, वर्ष पूर्ण झालं असतं तर तो एक महिन्याचा पगार आणि परतीचं तिकीट द्यावं लागलं असतं. ही पद्धत इतकी जुनी आहे की तिथल्या परदेशी शिक्षकांत 'अकराव्या महिन्यात काढणं' हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो.

तेव्हा मला कामाला आलेली गोष्ट म्हणजे १३५० हा नंबर, कामगार मंत्रालयाची हेल्पलाइन. तीन महिन्यांपेक्षा जास्त काम केलेल्या माणसाला काढायचं तर ३० दिवस आधी सांगावं लागतं, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा लागतो, हा तिथला कायदा आहे. तक्रार केली, दोनदा ऑफिसात जाऊन बसलो, अडकलेला पगार आणि नोटिशीचे पैसे मिळाले. वर्ष पूर्ण नसल्याने तो शेवटचा एक महिना मात्र गेला तो गेलाच.

अजून एक, ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा, त्या मालकाला बांधलेला असतो. करार संपायच्या आत दुसरीकडे जायचं तर आधीच्या मालकाचं सोडपत्र लागतं. म्हणजे ज्याच्याशी भांडण त्याच्याकडूनच कागद घ्यायचा. तीन लाख वॉन जास्त मिळतात ना, ते या सगळ्याचे आहेत.

खटपट्या

विन्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळे हागवॉन वाईट नसतात. मी चांगवॉनला कंपनीच्या कामावर होतो (त्याआधी रांजणगावला कोरियन साहेबांच्या हाताखाली), आमच्या इमारतीत एक आयरिश जोडपं होतं, चार-पाच वर्षं एकाच हागवॉनमध्ये सुखाने शिकवत होतं. फक्त बघून घ्यायचं काय ते सांगतो.

करारात चारही विमे आहेत का ते विचारा. पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि अपघात. काही ठिकाणी हे टाळायला पगारातून फक्त ३.३ टक्के कापतात, म्हणजे कागदोपत्री तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक. हातात जास्त पैसे येतात म्हणून मुलं खूश होतात, पण ना पेन्शन, ना विमा. ई-२ वाल्याला हे चालतच नाही. दुसरं, आत्ता तिथे शिकवत असलेल्या परदेशी शिक्षकाशी फोनवर बोलायला मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर विषय संपला.

खडीसाखर

विन्या, खटपट्या, खूप आभार. दोन्ही गोष्टी लेकीला वाचून दाखवल्या. करार काढून बघितला तर विम्याचा उल्लेखच नाही, आणि सुट्ट्या वर्षाला दहा दिवस, त्याही क्लास बंद असेल तेव्हाच. तिने मेल टाकून चार विम्यांचं विचारलंय आणि आत्ताच्या शिक्षकाशी बोलायला मागितलंय.

थेम्सकाठची

उत्तर काय येतंय ते कळवा. आता खाण्याचं.

शाळेत जेवण शाळेतच, सगळे शिक्षक आणि मुलं एकत्र, स्टीलचा खणांचा ट्रे. आपल्या पानासारखंच त्यात डावं-उजवं ठरलेलं असतं, डाव्या हाताला भात, उजव्या हाताला सूप, वरच्या खणांत किमची (तिखट मुरवलेला कोबी) आणि दोन-तीन पदार्थ. महिन्याचा मेन्यू आधी छापून मिळतो आणि प्रत्येक पदार्थापुढे छोटे आकडे असतात, ॲलर्जीसाठी. हे आकडे देशभर सारखेच. लेकीने ते पाठ करावेत, ९ म्हणजे कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ स्क्विड, १८ शिंपले. १ म्हणजे अंडं, ते तिला चालतं. मी हा कागद फ्रिजवर लावून ठेवायचे आणि ज्या दिवशी सगळीकडे १०-१६ दिसेल त्या दिवशी डब्यात चटणी-पोळी.

पण एक लक्षात ठेवा, या आकड्यांत सुकी मासळी येत नाही. सूपचं पाणी बऱ्याचदा सुक्या बारक्या मासळीत उकळलेलं असतं, किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. एकदम कडक शाकाहारी असेल तर सूप आणि किमची सोडावी लागते. शाळेतल्या आहाराच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगायचं, लाजायचं नाही. आमच्या बाई माझ्यासाठी टोफू बाजूला काढून ठेवायच्या. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, सहा-सात महिन्यांनी मला कळलं की तो टोफू मेन्यूत नव्हताच.

देगूकर

नमस्कार, मी सध्या देगूतच आहे, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. शाकाहारी आहे आणि व्यवस्थित जगतोय, काकूंनी काळजी करू नये.

बाहेर जेवायचं तर बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) मांसाशिवाय मागायचा, किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) हॅमशिवाय. उन्हाळ्यात कोंगगुकसू मिळतं, सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया, त्यात मांस-मासळी काही नसतं. शहराच्या उत्तरेला पालगोंगसान डोंगर आहे, तिथल्या दोंगह्वासा मठासारख्या बौद्ध मठांत जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. आई आली होती तेव्हा तिला चातुर्मासात तिथे घेऊन गेलो, तिचं समाधान झालं.

किराणा: सोंगसो भागात कारखाने आहेत, तिथे बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकन कामगार खूप, त्यामुळे आशियाई दुकानं आहेत. तूरडाळ, मसूर, जिरं, मोहरी, आटा सगळं मिळतं. कढीपत्ता ताजा मिळणं अवघड, वाळवून आणा. बाकी ऑनलाइन मागवलं तर दुसऱ्या दिवशी दारात.

शहर म्हणाल तर बुसानसारखं दिखाऊ नाही, समुद्र नाही, पण राहायला सोपं. तीन मेट्रो लाइन, त्यातली तिसरी मोनोरेल, २०१५ पासून चालू. ती इमारतींच्या अगदी जवळून जाते ना, म्हणून घरांपाशी आली की खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. मला या शहराबद्दल जिव्हाळा वाटायला लागला तो अशा गोष्टींमुळे. भाडं सोलच्या मानाने बरंच कमी. आणि बुसान केटीएक्सने, म्हणजे तिकडच्या वेगवान रेल्वेने, पाऊण-एक तास, म्हणजे शनिवारी सकाळी निघालं की समुद्रावर. समुद्रासाठी हागवॉन घ्यायची काही गरज नाही.

उन्हाळा मात्र कडक. चारही बाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट भाग, गरम हवा अडकते. इथे १९४२ मध्ये ४० अंश नोंदवलं गेलं होतं, ते देशातलं सर्वाधिक तापमान म्हणून २०१८ पर्यंत टिकलं.

वैदर्भी_शिक्षिका

चाळीस अंश म्हणजे आमच्याकडे एप्रिलचा पहिला आठवडा :)

मी नागपूरला इंग्रजी शिकवते, एमए बीएड, बारावीपर्यंतचे वर्ग. धागा वाचून विचारावंसं वाटलं, आपल्या भारतीय पासपोर्टवर हे काहीच शक्य नाही का? एका एजंटने मला सांगितलं की हे होऊ शकतं, साडेचार लाख भरा, आधी भाषेच्या कोर्सच्या व्हिसावर पाठवू, तिथे गेल्यावर क्लासमध्ये नोकरी लावून देऊ.

देगूकर

ताई, कृपा करून एक रुपया देऊ नका!

भाषेच्या कोर्सच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर हागवॉनमध्ये शिकवणं बेकायदा आहे. विद्यार्थ्याला परवानगी काढून काही ठरावीक कामं करता येतात पण आपल्याला हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायची परवानगी मिळणार नाही. पकडलं तर दंड, देशाबाहेर, आणि पुढे परत यायची बंदी. मालकालाही दंड होतो पण तो इथेच राहतो, जातो तो आपला माणूस. खात्री करायची तर इमिग्रेशनचा १३४५ नंबर आहे, इंग्रजीत बोलतात.

आता खरी वाट. ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो, अमेरिका, कॅनडा, यूके, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपण त्या यादीत नाही. पण भारत आणि कोरियात सेपा नावाचा व्यापार करार झाला, २००९ मध्ये सही, १ जानेवारी २०१० पासून लागू. त्यात भारतीयांसाठी एक दार उघडलं आहे, पदवी आणि इंग्रजी शिकवण्याचं शिक्षकी प्रमाणपत्र असेल तर प्राथमिक-माध्यमिक शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून. हागवॉनमध्ये नाही, फक्त शाळेत. तुमचं एमए बीएड त्यात बसायला हवं. प्रत्यक्षात मात्र शाळा सात देशांतलेच उमेदवार घेतात, या दाराने आलेलं मला इथे अजून कुणी भेटलेलं नाही. म्हणून अर्ज थेट एपिककडे करा, सेपाचा उल्लेख करून विचारा, पण त्या भरवशावर नोकरी सोडू नका.

वैदर्भी_शिक्षिका

धन्यवाद दादा. एजंटला नाही सांगते आजच. पण मनापासून सांगते, वाईट वाटलं. मी इतकी वर्षं व्याकरण शिकवतेय, माझी मुलं राज्यात गुण मिळवतात, आणि पदवी मिळून सहा महिने झालेल्या मुलीला जे मिळतं ते मला मागताही येत नाही. खडीसाखर ताई, हे तुमच्या लेकीबद्दल नाही हं, तिला माझ्या शुभेच्छाच आहेत.

खडीसाखर

तुमचं अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही बोललात ते चांगलं केलंत. मी लेकीला तुमची पोस्ट वाचायला दिली. तिला ज्या पासपोर्टमुळे हे मिळतंय तो तिच्या हुशारीचा नाही हे तिला कळायला हवं.

थेम्सकाठची

वैदर्भी, तुमच्यासारख्या बाईंकडून तिथल्या मुलांना कितीतरी जास्त मिळालं असतं. मी गेले तेव्हा मला शिकवण्याचा शून्य अनुभव होता, फक्त पासपोर्ट होता, आणि पहिलं वर्ष मी माझ्या को-टीचरकडून शिकवायला शिकले. या नियमात बदल व्हायला हवा असं मला फार वाटतं.

आणि याच ओघात रंगाबद्दल. खडीसाखर, खोटं सांगत नाही. हागवॉनच्या जाहिराती आल्या की पहिल्यांदा फोटो मागतात. मला दोन ठिकाणांहून फोटो पाठवल्यावर उत्तरच आलं नाही, माझ्या गोऱ्या मैत्रिणीला त्याच दिवशी फोन. सरकारी शाळेतही फोटो लागतो पण तिथे निवड मध्यवर्ती असते, मालकाला पालकांपुढे 'दाखवायला' कुणी नको असतं. मुलं विचारतात, तुम्ही खरंच इंग्लंडच्या का, मग केस काळे कसे. मी पहिल्या धड्यातच आजोबांचा दादरच्या घराबाहेरचा फोटो, आईबाबांचा लंडनचा, आणि माझा शाळेचा असे तीन फोटो दाखवायचे. दहा मिनिटांत विषय संपायचा आणि मुलं त्यांच्या आजी-आजोबांबद्दल बोलायला लागायची. पालकांपैकी एकीने मुख्याध्यापकांकडे विचारणा केली होती की ही खरी नेटिव्ह, म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारी, आहे का. मुख्याध्यापक म्हणाले, येऊन वर्ग बघा. त्या आल्या, बसल्या, पुढच्या आठवड्यात संत्र्यांची पेटी पाठवली.

त्रास झाला तो रस्त्यावर किंवा बसमध्ये रोखून बघण्याचा, बहुतेक वयस्कर लोक. सवय होते पण दमायला होतं, आणि ज्या दिवशी दम लागेल त्या दिवशी घरी फोन करून बोलावं, मनात ठेवू नये.

मुळामुठा

मग कशाला पाठवायचं मुलीला जिथे रंग बघतात? कॅनडात शिक्षकांच्या नोकऱ्या नाहीत का? आणि पुढे करिअर काय याचं?

खटपट्या

रंग कुठे बघत नाहीत मुळामुठा? मी तिथे राहिलोय, दुकानदार, शेजारी, कामावरचे लोक, माणसं म्हणून फार चांगली. आजारी पडलो तर शेजारच्या आजींनी दारात तांदळाची पेज ठेवली होती.

करिअरचा प्रश्न मात्र रास्त आहे. कोरियात मुलंच कमी होताहेत, २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर आला होता, शाळा बंद पडताहेत, त्यामुळे या नोकऱ्या वाढणार नाहीत. एक-दोन वर्षांचा अनुभव म्हणून उत्तम, पुढे शिक्षकच व्हायचं असेल तर परत येऊन बीएड करावं.

खडीसाखर

मुळामुठा, तुमची काळजी समजते. पण तिला स्वतःला जायचंय आणि तिने ते पूर्ण विचार करून ठरवलंय, आता सगळं माहीत असून जाणं आणि काही माहीत नसताना जाणं यात फरक आहे, म्हणूनच हा धागा काढला.

आणि बातमी. बुसानवाल्यांनी शिक्षकाशी बोलू दिलं नाही, 'सगळे बिझी आहेत' म्हणे, आणि विम्याबद्दल उत्तर आलं की आमच्याकडे ३.३ टक्के पद्धत आहे. खटपट्या, तुम्ही लिहिलं होतं तेच अक्षरशः. लेकीने काल रात्री त्यांना नकार कळवला आणि एपिकला होकार. तिच्या बाबांनी श्रीखंड आणलं.

आता कागदांबद्दल विचारते. आरसीएमपीचं (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांचं) सर्टिफिकेट आणि डिग्री, दोन्हीला अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लागतं ना? आणि सुरुवातीला पैसे किती लागतील?

जर्सीचा_विन्या

कॅनडा अपोस्टीलच्या करारात ११ जानेवारी २०२४ पासून आलं, त्याआधी कॅनडावाल्यांना कोरियन वकिलातीत खेपा घालायला लागायच्या, तुमचं नशीब चांगलं. डिग्रीची नोटराइज्ड प्रत ओंटारिओ सरकारकडे जाते, पण आरसीएमपीचं सर्टिफिकेट केंद्राचं असल्याने ओटावाला, ग्लोबल अफेअर्सकडे (कॅनडाच्या परराष्ट्र खात्याकडे). दोन्ही एकाच ठिकाणी पाठवू नका. आणि पोलिस सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आतलं हवं, फार आधी काढून ठेवलं तर परत काढावं लागतं.

पेन्शनचं पण सांगून ठेवतो. एकूण ९ टक्के कापायचे, २०२६ पासून ९.५ झालेत, निम्मे तिचे निम्मे शाळेचे. कॅनडाच्या नागरिकाला देश सोडताना हे सगळे, शाळेचा हिस्सा धरून, एकरकमी परत मिळतात. तो अर्ज निघायच्या आधी करायचा, म्हणजे चांगली रक्कम हातात येते.

थेम्सकाठची

वा, फार बरं वाटलं! देगू मिळालं याचा मला स्वतःला आनंद झालाय.

पैशांचं: पोचल्यावर मेडिकल होते, मग इमिग्रेशनला अर्ज, आणि रेसिडेन्स कार्ड हातात यायला काही आठवडे लागतात. ते कार्ड नसेल तर स्वतःच्या नावाचा फोन नाही, ऑनलाइन खरेदी नाही, बँकेतही अडचण. पहिला पगार साधारण महिन्याने. म्हणून पहिल्या दीड महिन्याचा खर्च बरोबर न्यावा, निदान पंधरा लाख वॉनएवढे, त्यातले थोडे रोख. प्रवेश-भत्ता म्हणून शाळा पैसे देते पण ते नंतर येतात.

सामानात शाळेत घालायच्या स्वच्छ चपला नक्की, बाहेरचे बूट दारातच काढायचे असतात. फोनमध्ये नेव्हर मॅप (तिकडचा नकाशा) आणि काकाओटॉक (तिकडचं व्हॉट्सॲप) आधीच टाकून ठेवा, माझ्या वेळी गुगलचा नकाशा तिथे चालत रस्ता दाखवायला उपयोगाचा नव्हता. देगूच्या सुसोंग-गु भागात घर मिळालं तर रात्री दहाला खिडकीतून बघायला सांगा, हागवॉन सुटतात आणि रस्ताभर पिवळ्या मिनीबस. दहाच्या पुढे वर्ग चालवायला देगूत बंदी आहे म्हणून, नाहीतर अजून उशीर झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं तिच्या वर्गात डोकं टेकवून झोपतील तेव्हा त्यांना रागावू नये.

देगूकर

काकू, लेकीला माझा आयडी द्या. आम्ही पाच-सहा मराठी मंडळी आहोत इथे, एक कुटुंब लहान मुलासह, गणपतीला त्यांच्याकडेच जमतो. सोंगसोला किराणा आणायला एकत्र जातो, तिला पहिल्यांदा घेऊन जाऊ. आणि कचऱ्याचं आधीच सांगा, कचरा पालिकेच्या विकत घेतलेल्या पिशवीतच टाकायचा, ओला कचरा वेगळा, चुकलं की घरमालक दार वाजवतात.

वैदर्भी_शिक्षिका

मी एपिकला मेल पाठवली, सेपाचा उल्लेख करून. उत्तर यायचंय. तोवर कागद तयार ठेवावेत म्हणते. आपल्याकडे अपोस्टील कसं करतात, नागपूरला होतं का?

देगूकर

डिग्री आणि बीएडच्या सर्टिफिकेटला आधी मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. पोलिस क्लिअरन्स नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसकडून मिळतं, त्याला थेट परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील चालतं. पण ते शेवटी काढा, एपिकचं उत्तर आल्यावर. डिग्रीचं मात्र आत्ताच सुरू करा, त्यालाच वेळ लागतो.